घंटी वाजवत धाड

आमचे सुखदेव जमादार गांजाची धाड घालायला निघाले, की शिवेपासूनच सायकलची घंटी वाजवत जात. पंचनाम्यात अर्थातच नेहमी एकच ओळ: काहीही आढळले नाही.

मी जानेफळच्या चौकीत नवा शिपाई. वर्दी अंगाला सैल, अक्कल त्याहून सैल.

"जमादारसाहेब, असानं गांजा सापडनार कसा?" मी एकदा विचारलं.

"अबे, परवापरवापर्यंत सरकारी परवान्याचं दुकान होतं. तिथं मीच या लोकाइले लायनीत उभं करत होतो. आता कायदा बदलला म्हनून त्याइलेच कोठडीत टाकू? लाज वाटते ना मले!"

महाराष्ट्र नुकताच झाला होता, आणि वऱ्हाडातली गांजाची दुकानं बंद झाली होती. जमादारांना लाज दिसत होती, मला बढती.

एका बाजाराच्या दिवशी जमादार मेहकरला गेले. मी संधी साधली आणि घंटी न वाजवता गावाबाहेरच्या मठीत घुसलो. तिथला म्हातारा गोसावी नावाजलेला गांजेकस. मागच्या वाफ्यात हिरवीगार रोपं, पंजासारखी पानं! मी सगळी उपटली, सायकलला बांधली आणि म्हाताऱ्याला पुढं घालून भरबाजारातून ऐटीत निघालो. म्हातारा गालात हसत होता. मला वाटलं, नशेत आहे.

एका बाईनं सायकल अडवली. "शिपाईदादा, अंबाडी कशी देली?"

सगळा बाजार खो खो हसला. मी तोंड लपवत चौकी गाठली, तर जमादार दारातच. मेहकरहून परतताना शिवेवरच गोसावीबाबाला धरल्याची बातमी कळली, तसे धावत आले होते. चेहरा पांढराफटक.

"बाबाले सोड. काय गुन्हा लिवाचा तो माह्यावर लिव!"

"जमादारसाहेब," मी मान खाली घालून म्हणालो, "अंबाडी हाय."

जमादार मटकन बाकावर बसले आणि चक्क ढसाढसा रडायला लागले.

"गांजा उपटून मीच पेरली होती अंबाडी," ते हुंदके देत म्हणाले. "पन या बुढ्याचा काय भरोसा? वाटलं, पुन्हा लावला यानं."

गोसाव्यानं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "सुक्या, रडून काऊन राह्यला बे?"

आमच्या जमादारांना सुक्या म्हणणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. जमादारांनी बाहीनं डोळे पुसले.

"माय गेली, बायको गेली," ते मला म्हणाले. "मले नावानं हाक मारनारं एवढंच एक मानूस उरलं. हा जेलात गेला असता, तं मी नुसता जमादारच राह्यलो असतो."