केझाया थर्स्टनची बाही

सेगो विद्यापीठात साहित्य शिकवायचे तर दोन गोष्टी लागतात : डॉक्टरेट आणि शेजाऱ्याची सही. डॉक्टरेट एकदाच मिळवावी लागते. सही दरवर्षी.

याचे कारण सोपे आहे. अमेरिकेतल्या युटा राज्यात डोंगरपायथ्याशी असलेले हे विद्यापीठ मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे, आणि मॉर्मनांच्या वस्तीत पगारी पाद्री नसतो. वस्तीतलाच एखादा सज्जन काही वर्षे बिशप होतो आणि मग खुर्ची दुसऱ्याला देऊन पुन्हा आपल्या धंद्याला लागतो. प्राध्यापकाची श्रद्धा शाबूत आहे असे या बिशपने लिहून दिले, की प्राध्यापक पुढच्या वर्षापुरता विद्वान ठरतो. प्रा. डेलॉस टेनी यांच्या वस्तीत सध्या केंट गुब्लर बिशप होते. आठवडाभर ते मुलांच्या दातांना तारा बसवत आणि रविवारी दुपारी टेनींचा आत्मा तपासत. दोन्ही कामे ते सारख्याच प्रसन्नपणे करत.

“कॉफी?”

“नाही.”

“चहा? दारू? तंबाखू?”

“नाही, नाही, नाही.”

“सोडा?”

“रोज. मोठा ग्लास. नारळाचं सिरप घालून.”

“तो चालतो हो! तेवढाच तर आपल्याला उरलाय,” असे म्हणून गुब्लर खळखळून हसत आणि सही करत.

टेनींनी पूर्वेकडच्या एका मोठ्या विद्यापीठात जुन्या इंग्रजी प्रवचनांवर डॉक्टरेट मिळवली होती. घरी परतल्यावर त्यांनी तो विषय सोडला आणि आपल्याच पूर्वजांचा इतिहास, धर्मविचार आणि कविता हाती घेतल्या. विषय सुरक्षित होता. बाहेरच्यांना त्यात रस नव्हता, आणि घरच्यांना तो आधीच ठाऊक असल्याची खात्री होती. अशा विषयात माणूस आयुष्यभर निर्वेध काम करू शकतो. फक्त त्याने काही शोधून काढता कामा नये.

टेनींच्या हातून नेमके ते घडले.

ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, उघड्या फडताळात, बायकांच्या एका जुन्या पाक्षिकाचे बांधीव खंड उभे होते. त्यांना कुलूप नव्हते, त्यांच्यावर बंदीही नव्हती. बंदी घालायची तर आधी कोणीतरी वाचावे लागते. टेनींनी ते वाचले. मेलेल्या बाळांवरच्या आणि बीटच्या पिकावरच्या पुष्कळ कवितांनंतर त्यांना अल्कली बेंड नावाच्या खेड्यातल्या केझाया थर्स्टन या बाईची एक कविता सापडली. त्या खेड्यात पाटाच्या पाण्याच्या पाळ्या असत. एका रविवारी तिथल्या बिशपने सर्वांत चांगली पाळी आपल्या मेहुण्याला द्यावी असे सुचवले आणि सभेचे मत घेतले. केझायाने लिहिले होते :

सगळ्यांचे हात वर, माझा होता मांडीवर.
‘विरोध?’ असं विचारलं, तेव्हा गेला तो वर.
विचारलं ते रिवाजानं, मी ऐकलं ते खरं.
खाली घ्यायला सांगितलं. म्हटलं, आहे तेच बरं.

टेनींनी ही कविता सर्वांत आधी मेरिबा लुंड हिला दाखवली. मेरिबा त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता त्याच विभागात अध्यापिका. तिने ती उभ्यानेच वाचली आणि मग खुर्ची ओढून पुन्हा वाचली.

“ब्रदर टेनी, हिने खरंच हात वर केला?”

“केला.”

“विरोधात?”

“विरोधात.”

“आपल्यात?”

तिचे आश्चर्य रास्त होते. मॉर्मनांच्या सभेत कोणतीही नेमणूक लोकांच्या संमतीशिवाय होत नाही, अगदी बालवर्ग सांभाळणाऱ्या बाईचीसुद्धा. नाव वाचले जाते. बाजूने असतील त्यांनी उजवा हात वर करावा, असे सांगितले जाते. सगळे हात वर जातात. मग विरोधात असतील त्यांनी तसेच करावे, असेही सांगितले जाते, आणि त्यानंतर वाचणारा अर्धा श्वास थांबतो. तेवढ्यात काही घडत नाही. लहानपणापासून त्या अर्ध्या श्वासात टेनींच्या उजव्या दंडाला खाज सुटत असे. ही आपली खासगी व्याधी आहे, असा त्यांचा समज होता. केझायाची कविता वाचल्यावर तो समज गेला.

त्यांनी लेख लिहिला. त्यातला धर्मविचार असा, की संमती खरी असायची तर नकारही शक्य असायला हवा. म्हणून केझायाचा हात हा त्या सभेतला सर्वांत श्रद्धावान हात होता. लेखाचे पुस्तक होऊ लागले. त्या पुस्तकावर त्यांची कायम नेमणूक अवलंबून होती.

अधिष्ठाता मर्लिन स्टॅप्ली यांनी हस्तलिखित अनुरूपता समितीकडे पाठवले. ही समिती काहीही नाकारत नाही. ती फक्त मदत करते.

“सुंदर!” स्टॅप्ली म्हणाले. “डोळ्यांत पाणी आलं, ब्रदर टेनी. समितीची एकच छोटी शंका आहे. बाईंना संधिवात होता का?”

“माहीत नाही.”

“नव्हता, असंही माहीत नाही ना? म्हणजे बघा, सगळ्यांचे हात वर गेले तेव्हा यांचाही जाणारच होता. पण दुखरा खांदा. जरा उशीर झाला. तोवर पुढचा प्रश्न आला.”

“तिने स्वतः लिहिलंय की हात खाली घ्यायला सांगितलं आणि तिने घेतला नाही.”

“आखडला असेल. मोठी वेदना असते ती.”

“पण नकार शक्य आहे हेच तर आपलं तत्त्व—”

“शक्य आहेच की! कोण नाही म्हणतंय? फक्त तसं कोणी करत नाही.”

त्या वर्षी सहीच्या मुलाखतीत सोड्याच्या प्रश्नानंतर गुब्लर थांबले.

“तुमच्या पुस्तकात म्हणे एक बाई हात वर करते.”

“हो.”

“मिळालं का तिला पाणी?”

“नाही.”

“मग उपयोग काय झाला?” गुब्लर खुर्चीत पुढे सरकले. त्यांचा आवाज दवाखान्यातल्यासारखा मऊ झाला. “एखादा दात रांगेबाहेर असतो ना, ब्रदर टेनी, तो मी कधी उपटत नाही. लोक उगाच घाबरतात. मी तार लावतो. रोज थोडा, रोज थोडा. कळतही नाही, आणि एक दिवस आरशात बघावं तर सगळे कसे एका ओळीत.”

त्यांनी सही केली. या वेळी मात्र पेनचे टोपण आधी नीट निरखून पाहिले.

विद्यापीठाच्या नियमानुसार पुस्तक बाहेरच्या, नामवंत प्रकाशनाने काढलेले असावे लागे, कारण घरच्या कौतुकावर घरच्यांचा विश्वास नव्हता. टेनींनी ते पूर्वेकडे पाठवले. संपादिका पामेला क्रेन यांचा फोन आला.

“डेलॉस, मी थरारून गेले! त्यांनी तिचं पुढे काय केलं?”

“दोन शेजारणी रूबार्बचा केक घेऊन भेटायला आल्या.”

“आणि?”

“तिने खाल्ला. पुढच्या रविवारी भजनमंडळाच्या प्रमुखाची नेमणूक होती. नेमायची बाई तिला पसंत होती, म्हणून तिने बाजूने हात वर केला. म्हातारी होईपर्यंत तिथेच राहिली.”

क्रेन यांचा सूर उतरला.

“पळून गेली नाही?”

“नाही.”

“नवऱ्याला आणखी बायका होत्या का?”

“दोन. त्या काळी आमच्यात चालायचं. शेवटच्या टिपेत आहे.”

“अहो, मग हे शेवटच्या टिपेत काय लिहिता! इथून सुरू करा! आणि तो हात… मूठ होती का हो?”

“पंजा होता.”

“मूठ जास्त चांगली वाटते. मुखपृष्ठावर खिडकी, खिडकीत टोपडं घातलेली बाई, बाहेर वाळवंट. ती श्रद्धाळू होती हे मात्र काढा. वाचक गोंधळतात.”

टेनी शास्त्रीय वृत्तीचे होते. त्यांनी परिस्थितीचा शांतपणे विचार केला. डोंगरांच्या अलीकडे हात आखडलेला हवा होता, पलीकडे मूठ वळलेली हवी होती. दोन्ही मागण्या एकाच अवयवावर होत्या. अडचण हाताची होती. हात काढून टाकला की कोणाचीच तक्रार राहत नव्हती.

पण कवितेत काहीतरी वर गेले होते, हे तर नाकारता येत नव्हते. टेनींनी विचार केला, की हाताबरोबर निःसंशय आणखी काय वर जाते? बाही.

‘सीमावर्ती काव्यातील बाही : एक वस्त्रमीमांसा’ हा ग्रंथ त्यांनी एका हिवाळ्यात पुरा केला. समितीला तो अत्यंत आवडला, कारण बाही मनगटापर्यंत होती आणि विद्यापीठात मुलींच्या बाह्यांचा प्रश्न फार दिवस चिघळला होता. पामेला क्रेन यांनाही तो अत्यंत आवडला, कारण पूर्वेकडे त्या वर्षी माणसांऐवजी वस्तूंवर लिहिण्याची लाट होती आणि बाहीवर अजून कोणी हक्क सांगितला नव्हता. केझायाची कविता परिशिष्टात आली. खाली टीप होती : ‘या प्रसंगी बाही वर गेली. तिच्यात हात होता किंवा कसे, हा प्रश्न प्रस्तुत ग्रंथाच्या कक्षेबाहेरचा आहे.’

मेरिबाला हे ठाऊक नव्हते. तिच्याजवळ आधीच्या हस्तलिखिताची प्रत होती आणि त्या प्रतीत हात होता. तिने कविता वर्गात शिकवली. पुढच्या रविवारी तिची एक विद्यार्थिनी आपल्या वस्तीच्या सभेत बसली असताना ऑर्गन वाजवण्यासाठी एका बाईंचे नाव आले. त्यांना ऑर्गन येत नसे, हे सगळ्यांनी वर्षभर ऐकले होते. विरोध विचारला गेला आणि मुलीने हात वर केला.

वाचणाऱ्या गृहस्थांनी आधी तिला बाथरूमचा रस्ता सांगितला. मग गैरसमज दूर झाला आणि सोमवारी सकाळी मेरिबाला अधिष्ठात्यांचे बोलावणे आले.

ती तिथून थेट टेनींकडे आली. खुर्चीत बसली नाही.

“मला काढणार आहेत. म्हणतात, ही कविता मी कुठून उकरली. तुम्ही शोधली, तुम्ही मला दिली, हे सांगाल ना?”

“नक्की सांगेन. योग्य व्यासपीठावर.”

“शुक्रवारी प्राध्यापकांची सभा आहे. त्याहून योग्य कोणतं?”

“मेरिबा, माझी नेमणूकही शुक्रवारीच आहे.”

“मग बरंच झालं. तुमच्याकडे सगळ्यांचं लक्ष असेल.”

टेनींनी तिला नव्या ग्रंथाची प्रत दिली. तिने ती चाळली, परिशिष्ट काढले, टीप वाचली. प्रत तिने काळजीपूर्वक टेबलाच्या कडेशी समांतर ठेवली.

“तुमच्या हातून एक गोष्ट छान झाली हं,” ती म्हणाली. “शिवण कुठे दिसत नाही.”

शुक्रवारची सभा प्रार्थनेने सुरू झाली. मागच्या टेबलावर किसलेले गाजर घातलेली हिरवी जेली होती. सदस्यांना वारंवार हात उचलण्याचा त्रास पडू नये म्हणून स्टॅप्लींनी दोन विषय एकाच ठरावात घेतले होते : ब्रदर टेनी यांची कायम नेमणूक करून त्यांच्याकडे नव्या बाही अभ्यास केंद्राचे संचालकपद देणे, आणि सिस्टर लुंड यांचे सेवेबद्दल मनःपूर्वक आभार मानून त्यांना मुक्त करणे.

“बाजूने असतील त्यांनी उजवा हात वर करावा.”

सगळे हात वर गेले. स्वतःच्या नेमणुकीला हात वर न करणे विचित्र दिसले असते, म्हणून टेनींचाही गेला.

“विरोधात असतील त्यांनी तसेच करावे.”

स्टॅप्ली थांबले. नेहमीच्या अर्ध्या श्वासाहून जरा जास्तच थांबले. टेनींच्या दंडाला खाज सुटली. अशी त्यांना जन्मात सुटली नव्हती. समोरच्या रांगेतून मेरिबा मागे वळून त्यांच्याकडे बघत होती. त्यांचा हात मांडीवरून हलला. खांद्यापर्यंत आला. खोलीतल्या सगळ्यांनी तो पाहिला.

“ब्रदर टेनी?” स्टॅप्ली म्हणाले. “काही म्हणायचंय?”

“नाही, नाही,” टेनी म्हणाले. “बाहीचं बटण सुटलंय.”

“पाहा आमचे संचालक!” स्टॅप्ली म्हणाले, आणि सभा मनमोकळी हसली. टेनीही हसले. त्यांनी बटण लावले. ते आधीपासून लावलेलेच होते, म्हणून आधी सोडावे लागले.

हसणे ओसरले तेव्हा लक्षात आले, की समोरच्या रांगेत एक हात वर आहे. मेरिबा काही बोलत नव्हती. तिला हात खाली घ्यायची विनंती झाली. तिने तो घेतला नाही. सभेने समजूतदारपणे आपला मोर्चा जेलीकडे वळवला. भांडे रिकामे झाले, खुर्च्या रचल्या गेल्या, तरी हात तिथेच होता.

इतिवृत्तात नोंद झाली : ‘ठराव एकमताने मंजूर. सभेअखेर एक बाही वर असल्याचे आढळले. ती पुढील अभ्यासासाठी केंद्राकडे सोपवण्यात आली.’

हे वाचताना तुमचा हात मनातल्या मनात वर गेला असेल. त्या शुक्रवारी त्या खोलीत तसे पुष्कळ गेले. नंतर गाडीतळावर बऱ्याच जणांनी मेरिबाला तसे हळूच सांगितलेही. मनातले हात मोजण्याची सोय विद्यापीठात अद्याप नाही. तुमच्याकडच्या सभांतून ती असल्यास केंद्राला कळवावे. संचालक टेनी आभारी राहतील. नमुना म्हणून बाही पाठवली तरी पुरे. हात पाठवण्याची आवश्यकता नाही.