सोड्यांच्या मिशा आणि शुक्रवारची प्रेरणा

प्रेरणा ही मनुष्यमात्राची मूलभूत गरज असून तिचा पुरवठा नियमित व पुरेशा दाबाने होणे समाजाच्या हिताचे असते. रत्नागिरी शहरापुरती ही जबाबदारी 'खळं' या डिझाइन स्टुडिओने आपणहून अंगावर घेतली आहे. (अंगणाला आमच्याकडे खळं म्हणतात. स्टुडिओ दुसऱ्या मजल्यावर आहे.)

स्टुडिओचा मालक ऋत्विक मुंबईत काही वर्षं काढून परत आला, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की इथे आंबा आहे, मासळी आहे, कातळ आहे, वीजसुद्धा अधूनमधून असते. नाही ती फक्त प्रेरणा. ती बाहेरूनच आणावी लागणार. तेव्हापासून दर शुक्रवारी 'खळं'तर्फे गावातल्या निवडक लोकांच्या मोबाइलवर 'शुक्रवारची प्रेरणा' येऊन पडते. इंटरनेटवर सापडलेल्या गमतीजमती. निवडकांत मीही आहे. त्यामुळे डेन्मार्कमधली, बसता येत नाही अशी खुर्ची मला माहीत आहे. एका जपानी गावातली गटारांची झाकणं मी अंधारातही ओळखीन. आणि कबुतरांसाठी स्वेटर विणणारी ती बाई तर आता घरातलीच वाटते. ताज्या पाहणीनुसार (पाहणी स्टुडिओनेच केली) नव्वद टक्के लोकांनी या उपक्रमाला अंगठा दाखवला. मोबाइलवर हा अंगठा चांगला समजतात.

या गमती शोधण्याचं काम स्नेहलकडे. उरलेलं, म्हणजे इतर कचेऱ्यांत ज्याला काम म्हणतात ते, ज्ञानेश्वरीकडे. ती चित्रं काढते. स्टुडिओत हा थोडा जुनाट छंद समजला जातो.

यमुनाबाई या स्टुडिओत आली ती लेबलासाठी. ती काळबादेवीची. (मुंबईतली नव्हे, आमची काळबादेवी, जिथे समुद्र आहे.) तिच्या बचत गटाला मुंबईच्या एका मोठ्या प्रदर्शनात टेबल मिळालं होतं. पण लेबल नसलेली पाकिटं मांडू देणार नव्हते, आणि टेबलावर डोळा ठेवून दुसरे गट रांगेत उभे होते. गटातल्या बायकांनी कोळंबी सोलून, सुकवून, सोड्यांची पाकिटं भरून तयार ठेवली होती. एक कागद तेवढा चिकटवायचा राहिला होता.

"आधी मूड ठरवू या, मावशी," ऋत्विक म्हणाला आणि त्याने तिला पोर्तुगालचे माशांचे डबे दाखवले.

"माझा मूड बरा हाय," यमुनाबाई म्हणाली. "लेबल दे."

पुढच्या खेपेला त्याने आइसलँडमधलं मीठ दाखवलं. त्याच्या पुढच्या खेपेला एक नमुनाही तयार होता: पांढरं पाकीट, मधोमध एक करडा ठिपका. यमुनाबाईने ते उलटंसुलटं केलं आणि विचारलं, "हे जेवणाआधी घ्यायचं की जेवणानंतर?"

प्रदर्शन जवळ आलं. आणि अशातच एका गुरुवारी रस्ता खणणाऱ्या यंत्राने जमिनीखालची केबल तोडली. स्टुडिओचं इंटरनेट गेलं. मोबाइललाही रेंज नव्हती. ऋत्विक खिडकीतून फोन बाहेर धरून उभा राहिला. स्नेहलने घरी जाऊन झोप काढली. ज्ञानेश्वरीला मात्र दुसरं काहीच करता येण्यासारखं नव्हतं, म्हणून तिने काम केलं.

तिने मोठ्या, गुबगुबीत अक्षरांत 'सोडे' लिहिलं आणि डोक्यावरच्या दोन्ही मात्रा लांबवून कोळंबीच्या मिशा केल्या. (सोडे सोललेले असतात, मिशा सोलतानाच जातात. लेबलावर त्या परत आल्या.) अक्षरांचा रंग भाजक्या तांबूस सोड्याचा. चित्र पुरं झाल्यावर ती स्वतःशीच हसली. पुष्कळ दिवसांनी हसली.

दुसऱ्या दिवशी तिने ते ऋत्विकला दाखवलं. त्याने बराच वेळ बघितलं. त्याला ते आवडलं असावं, कारण तो अस्वस्थ झाला.

"रेफरन्स काय?"

"नाही काही."

"कशावरून तरी घेतलं असशील ना?"

"कशावरूनच नाही. सुचलं."

"ज्ञानेश्वरी, सुचलेलं क्लायंटला कसं द्यायचं?" तो खरोखर काळजीने म्हणाला. "त्याच्यामागे कोण आहे? कुणी केलंय याआधी? जगात कोणीच केलेलं नाही, म्हणजे त्यात काहीतरी खोट असणार."

तर्क बिनतोड होता. लेबल नामंजूर झालं. ज्ञानेश्वरी त्या दिवशी डबा न खाताच घरी गेली, आणि तिने ते चित्र आपल्या मैत्रिणीला, जर्मनीत शिकायला गेलेल्या अक्षयाला, पाठवून दिलं. सोबत लिहिलं, "वाईट आहे का गो हे?"

अक्षयाने उत्तर दिलं नाही. तिने ते छापून आईने पाठवलेल्या सोड्यांच्या बरणीवर चिकटवलं, हॅम्बुर्गच्या करड्या खिडकीत बरणी ठेवली आणि फोटो टाकला. तो कुणीतरी उचलला, त्याच्याकडून आणखी कुणी उचलला, आणि फिरत फिरत तो स्नेहलला सापडला. शुक्रवारच्या प्रेरणेत त्याला पहिला नंबर मिळाला. खाली ओळ होती: 'हॅम्बुर्गमधला एक अज्ञात कलाकार आणि आपली देवनागरी. आपण कधी शिकणार?'

मी अंगठा दाखवला.

त्याच सकाळी यमुनाबाई शेवटचं विचारायला आली होती. ऋत्विकने पडद्यावर बरणी मोठी करून दाखवली. "मावशी, असं काहीतरी करू. ज्ञानेश्वरी, हे बघ. याला म्हणतात धाडस."

"ते माझं आहे," ज्ञानेश्वरी म्हणाली.

"प्रेरणा सगळ्यांचीच असते गं."

"नाही. ते मी काढलंय. इथे बसून. तू नको म्हणालास ते हेच." तिने खणातून मूळ कागद काढून टेबलावर ठेवला.

ऋत्विकने कागद पाहिला, पडदा पाहिला, पुन्हा कागद पाहिला. त्याचा चेहरा उतरला.

"म्हणजे हे इथलंच आहे?"

"हो."

"मग पुन्हा विचार करायला लागेल," तो म्हणाला.

यमुनाबाई उठली. तिने तो कागद उचलून डोळ्यांजवळ नेला आणि मोठ्याने हसली. "अगो बाय माझे! आम्ही सोलून टाकलेल्या मिशा तू परत लावलस!" मग ऋत्विककडे वळून म्हणाली, "तू विचार कर हां सावकाश. मी छापायला जातंय." ज्ञानेश्वरीने पर्स घेतली आणि तिच्यासोबत जिना उतरली. स्नेहलला काय करावं सुचेना, म्हणून तिने ती पोस्ट काढून टाकली.

प्रदर्शनात यमुनाबाईची सगळी पाकिटं खपली. ज्ञानेश्वरी टेबलामागे उभी होती. पहिल्या दिवशी लोक थांबून विचारत, "लेबल छान आहे हो, कुणी केलं?" यमुनाबाई अभिमानाने सांगे, "आमच्या रत्नागिरीच्या पोरीने." लोक "अरे वा" म्हणून पुढच्या टेबलावर जात. दुपारनंतर तिने उत्तर बदललं. "जर्मनीवरून आणलंय," ती सांगू लागली, आणि लोक दोन-दोन पाकिटं घेऊ लागले. ज्ञानेश्वरीला आधी राग आला. मग तीही गिऱ्हाइकांना पिशव्या द्यायला लागली, कारण हात कमी पडत होते.

आता ही गोष्ट तुम्हाला आवडली की नाही, ते तुम्ही अजून ठरवलं नसेल. घाई नाही. आधी आणखी कुणाला आवडली आहे का, ते बघून घ्या.