झाकण नको म्हणणारे गुरुजी

आमचे शेजारी नरहर गुरुजी जुन्या कॅमेऱ्याची काच विकत घेतात अन् तिचं झाकण दुकानदाराला परत देऊन येतात. फुकटचं झाकण! मी तिसरीतून शाळा सोडली, पण एवढी अक्कल मला बी हाय.

गुरुजींचा कॅमेरा रीळवाला. काच घेताना ते आधी नाकाला लावतात. "बुरशीचा वास येतो, मारोतराव. नजर साफ पाहिजे!" बुरशी निघालीच तर उन्हात, बाजेवर, कुरडयांच्या मधी वाळू घालतात. एकदा त्यांच्या सूनबाईनं कुरडयांसंगं एक काच डब्यात भरली. पाहुणे आल्यावर तेल तापलं, तवा सापडली.

मागल्या हप्त्यात आमी परभणीला गेलो. स्टेशनाजवळ घड्याळं दुरुस्त करणारे एक चाचा असल्या काचा ठेवतात. गुरुजींनी वास घेतला, काच उजेडाला धरली, घेतली. झाकण परत.

"लेव ना गुरुजी, फुकट है," चाचा म्हणले.

"तुमच्याकडंच राहू द्या."

चाचांनी मला बरणी दाखवली. समदी गुरुजींचीच झाकणं. मला राहवलं न्हाई. आजचं झाकण हळूच खिशात घातलं.

घरी आल्यावर गुरुजींनी नवी काच कॅमेऱ्याला बसवली अन् चहा सांगायला आत गेले. मी झाकण लावून टाकलं. माझ्या शेळ्यांची धूळ लय. झाकण बी कसं बेस बसलं!

गुरुजी बाहेर आले. बघितलं. कप बाजेवर ठेवला, कॅमेरा उचलला अन् आत जाऊन दार लावलं.

तीन दिवस बोलले न्हाईत. मी तरी कशाला बोलंन? चूक माझी न्हवतीच. चौथ्या दिवशी माझी शेळी त्यांच्या वाळवणात घुसली, म्हणून जावं लागलं. शेळी मी सोडली न्हवती.

गुरुजी पायरीवर बसलेले, हातात रिळाची पट्टी.

"ह्या कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी अन् फोटो काढणारी काच वेगळी," ते म्हणले. "काचेवर झाकण राहिलं तरी खिडकीतून सगळं दिसतं. आमच्या हिला येलदरीला नेलं होतं. धरणावर अख्खं रीळ काढलं. झाकण तसंच."

मी शेळीला वाळवणातून ओढून बाजूला केलं.

"आधी म्हणायची, लेकरांचे काढा, माझे मागून. मागून हे एवढंच रीळ. मग गेलीच ती."

पट्टी त्यांनी उजेडाला धरली. "ही बघा, भिंतीला टेकलेली. ही, चपला हातात घेतलेल्या. ही हसायली."

पट्टी कोरी. या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरी.

मी उभ्या जन्मात कुणाच्या हो ला हो केलं न्हाई, सरपंचाच्या बी न्हाई. पट्टी हातात घेतली, डोळ्याजवळ नेली.

"हितं वैनीनं डोळे बारीक केलेत," म्हणलं. "ऊन तोंडावर असंल."

गुरुजींनी सरकून मला पायरीवर जागा केली.

"होतंच," म्हणले. "लय होतं."