मासे पोचवणारा लिमये

आमच्या परदेशातल्या, बेलव्ह्यूच्या ऑफिसातला लिमये अंडंसुद्धा खात नाही, पण सुट्टी मिळाली की मासेमारीच्या बोटीचं तिकीट काढतो. गळ नाही, आमिष नाही. बरोबर एक चिमटा, शिशाचं वजन आणि भांडी घासायचे पिवळे हातमोजे.

लोकांच्या गळाला लागलेले, पण नियमाप्रमाणे ठेवता न येणारे मासे हा मागून घेतो आणि समुद्राच्या तळाशी नेऊन सोडतो. "नुसता पाण्यात फेकला की सुटला, असं आपल्याला वाटतं," हे त्याचं वाक्य आम्ही मीटिंगमध्येही ऐकतो. खोल पाण्यातला मासा वर ओढला की त्याच्या पोटातली हवा फुगते, डोळे बाहेर येतात. मग त्याला खाली जाताच येत नाही. तरंगत राहतो आणि सीगल पक्षी टोचून खातात. म्हणून ओठाला चिमटा लावायचा, वजनाने खोल उतरवायचा आणि तिथे हिसका देऊन सोडायचा. मला झोपेतून उठवलंत तरी घडाघडा म्हणून दाखवीन.

गेल्या संक्रांतीला तर कहर केला. बायकोच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून हे चिमटे आणले. बिचाऱ्या बायका तो जिन्नस उलटसुलट करून बघत राहिल्या. आमच्याकडे तो चिप्सच्या पाकिटाला लावलाय. घट्ट बसतो.

एकदा मलाही बोटीवर ओढून नेलं. थंडीने दात वाजत होते. आणि हा एका तांबूस माशाला म्हणत होता, "चला आजी, घाबरू नका, पोचवतो हं." आजी अशासाठी, की हे मासे म्हणे शंभरी गाठतात.

नेमकी दोरी गुंतली. सोडवेपर्यंत मासा निपचित पडला. तरी लिमयेने त्याला खाली उतरवलं. आधी चिमटा वर आला. थोड्या वेळाने मासाही आला, पांढरं पोट वर करून.

"जाऊ दे यार," मी म्हटलं. "एक मासाच तर होता."

"उशीर झाला की नाही जगत." हातमोजे न काढताच तो खाली बसला. "बाबा गेल्यावर आईला इथे घेऊन आलो. एकटी कशी राहणार म्हणून. कराडचा फ्लॅटसुद्धा विकून टाकला. आता धड जेवत नाही, बोलत नाही. दुपारभर नुसती खिडकीत बसते."

"मग पोचव ना परत."

"कुठे? घर नाही. मावशी होती, तीही गेली. कुणाकडे सोडू?"

मी दोरी गुंडाळू लागलो. बोट हेलकावत होती.

"रोज सकाळी बॅग भरून दाराशी बसते," तो म्हणाला. "कधी पोचवतोस, विचारते. मी सांगतो, सुट्टी आली की जाऊ. आणि सुट्टी आली की ती उठायच्या आत इकडे निघून येतो."