तात्याबा मिस्त्रीचे हात

तात्याबा मिस्त्री सायकलच्या मालकाला बोलूच देत न्हवता.

तिसगावच्या ष्ट्यांडासमोर त्याचं दुकान हुतं. दुकान म्हंजे वर पत्रा, खाली पंक्चर बघायचं पान्याचं घमेलं, एक पंप, आन् पाठीमागंच त्याचं घर. तुमी सायकल घेऊन गेलात आन् चेन उतरतीया म्हनालात, की तो हात वर करून गप करायचा. "दुखनं हिला हाय का तुला?" मंग सायकल शिटावर उलटी उभी करायची, डोळे मिटायचे, पायडल फिरवायचं आन् वैद्यानं नाडी बघावी तसं ऐकत बसायचं. फेऱ्यामागं एकदा कट्ट वाजलं तर कॉटर पिन ढिली. सारखी करकर आली तर आक्सलातल्या गोळ्या फुटल्या. काहीच वाजलं न्हाई तर मालक खोटं बोलतोय.

एकदा माझ्या चेनीला बोट लावून त्यानं वास घेतला. करडईचं तेल. चारचौघांत मला इचारतो, "हिची आमटी करायचीय का?" त्याचं म्हननं असं, की खायच्या तेलानं माती धरती आन् चेनीचा दगड हुतो. माझं म्हननं आजबी तेच हाय. बैलाच्या शिंगाला चालतं ते चेनीला का चालू नये? मी तिसरीतून शाळा सोडली ती मास्तर लई शिकवायला लागला म्हनून. मला कुनी शिकवलेलं खपत न्हाई.

तर हा मानूस कोपरापर्यंत काळा. भाकरीवर आंगठा, तांब्यावर पंजा, दाराच्या कडीवर चार बोटं. त्याची बायको सुंदरावैनी सगळं पुसत पुसत संसार करत हुती. पन भाऊबिजंला भावानं दिलेलं लुगडं तिनं धुऊन दोरीवर वाळत घातलं, आन् ह्यो बाबा तिथंच बसून डोळे मिटून कुनाचं तरी चाक ऐकत हुता. हात पुसायला फडकं चाचपलं. हाताला लागलं ते वैनीचं लुगडं. पार पदरापर्यंत पुसलं, तरी डोळे मिटलेलेच.

वैनी आरडली न्हाई. तिनं पाय लावून ते फिरतं चाक थांबवलं. म्हनली, "हात सोच्छ झाले की न्यायला या." आन् करंजी घाटाच्या वर माहेर हुतं तिकडं एसटीनं निघून गेली.

मंग मिस्त्रीनं हाताचा धंदा मांडला. रॉकेल झालं, धुन्याचा सोडा झाला, चिंच, लिंबू, लाकडाचा भुसा. कुनी ताक सांगितलं तर ताकात हात घालून बसला. सकाळी हात बरे दिसायचे. तेवढ्यात कुनीतरी वाकडं चाक घेऊन यायचं, आन् दुपारी पुन्हा कोळसा. शेवटी त्यानं दुकान बंद केलं आन् बंद दुकानाफुडं गुडघ्यावर हात ठेवून बसायला लागला, कानात कापसाचे बोळे घालून. मी खुनंनं इचारलं, हे कशाला? म्हनला, "ऐकू आलं की हात जातो."

सगळं गाव हसलं. मीबी हसलो. पन तो हलला न्हाई. चहाची कपबशीबी दोन बोटांनी धरायचा. वैनी परत यायची तर ती ह्या हातांवर, एवढं त्याला कळलं हुतं.

नखांतला काळा निघाला तशी एके दिवशी सकाळी मी अर्धं पोतं बाजरी क्यारेजला बांधून बहिनीकडं निघालो. घाटाच्या निम्म्यात बघतो तर मिस्त्री पायी चालला हुता. पांढरं धोतर, पांढरी बंडी, काखेत पिशवी, आन् दोनी हात अंगापासून लांब धरलेले, जसं वल्या रंगाचं दार सांभाळतोय. एसटीनं का न्हाई आलास म्हनलं, तर म्हनतो, एसटीचा दांडा धरावा लागतो.

तेवढ्यात माझी चेन उतरली. नुसती उतरली न्हाई, फ्रीव्हील आन् दांड्याच्या मधी गच्च आवळून बसली.

मिस्त्रीनं हात पाठीमागं बांधले आन् तोंडानं मिस्त्रीकी सुरू केली. मागलं चाक फुडं सरकलंय, दोनी नट ढिले कर, चेन काढ, चाक मागं वढ, मंग दोनीकडनं थोडं थोडं आवळ. पाना त्याच्याच पिशवीत निघाला. बायकोला आनायला निघालेल्या मानसाच्या पिशवीत पाना कशाला, हे मी इचारलं न्हाई.

मी उजवा नट गच्च आवळला.

"दोनीकडनं म्हनलो मी."

"माझी सायकल हाय."

चाक तिरपं होऊन दांड्याला घासायला लागलं. पुन्हा ढिलं केलं, पुन्हा माझ्या रीतीनं आवळलं. पुन्हा तिरपं. खरं सांगायचं तर पाना झिजलेला हुता. मी पायडल फिरवलं तसं ते चाक असं काही कण्हलं, की मिस्त्रीनं कानावर हात ठेवले. मंग डोळे मिटले. मंग खाली बसला.

"सरक, रंगनाथा."

"आरं, तुझे हात..."

"सरक म्हनलो ना."

चेन निघाली, चाक सरळ झालं, आन् माझ्या करडईच्या तेलातली सगळी माती त्याच्या मनगटापर्यंत गेली. उठून त्यानं हातांकडं बघितलं. वळून खाली तिसगावाकडं चालायला लागला. मीच बंडी धरून त्याला माघारी फिरवला आन् वैनीच्या माहेरच्या वस्तीपर्यंत ढकलत नेला. त्यातबी माझं हे म्हननं हुतंच, की हात काय, मानूस बघावा.

वैनी अंगनात ज्वारी पाखडत हुती. मिस्त्रीनं हात पाठीमागं लपवले. धोतरावर आधीच पंजा उठलेला. वैनीनं धोतर बघितलं, मंग माझी सायकल बघितली.

"कुठं उतरली?"

"घाटात," मिस्त्री म्हनला. "चाक फुडं आल्तं. घरनं निघालो तवा हात धुतल्याले हुते. हा साक्षीला हाय."

मी साक्ष द्यायला तोंड उघडलं, पन कुनी माझ्याकडं बघत न्हवतं. वैनी घरात गेली. लई येळ आलीच न्हाई. मिस्त्री तसाच उभा, उन्हात, हात मागं धरून.

ती आली ती पांढऱ्या धडप्यातलं गाठोडं घेऊन. त्याच्याफुडं धरलं.

मिस्त्रीनं घेतलं न्हाई. "पांढरं हाय," म्हनला. "काळं हुईल."

"हुईना का," वैनी म्हनली. "धरा. मला चपला घालायच्यात."