गाढवाने तपासलेले चाक

एका जंगलात, बाळांनो, गुहेत बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, भट्टी होती. झिपरू अस्वल तिथे ओतकाम करायचे. त्या वर्षी पिल्लांना नदीपलीकडच्या शाळेत नेणारा पाळणा टांगायचा होता. त्याच्या दोराचे चाक झिपरूने ओतले.

ओतलेले चाक बाहेरून तापवून पाण्यात विझवतात. मग त्याला कडक साल धरते. साल पातळ राहिली तर दोर चाकच कापतो.

साल तपासायचे काम म्हाताऱ्या सखोबा वटवाघळाचे. तो चाकाला बिलगून इतकी बारीक शीळ घालायचा की दुसऱ्या कुणाला ती ऐकूच येत नसे. शीळ कडक सालीतून सरळ जायची, आतल्या भरड बिडाला लागली की विखरून परतायची. किती वेळाने परतली, त्यावरून त्याला सालीची जाडी कळायची.

त्या दिवशी शीळ जाते न जाते तोच परत आली.

"झिपरू, ही साल तर कांद्याचा पापुद्रा आहे रे."

झिपरूने मान खाली घातली. "कारभाऱ्यांनी पुरतं तापूच दिलं नाही, आबा."

कारभारी म्हणजे तरस. त्याने उद्घाटनाचे हार आणून ठेवले होते.

"म्हाताऱ्या, तुझी शीळ इथे कुणाला ऐकू आली?"

कुणालाच नाही.

"मग न ऐकलेल्या आवाजावर चाक मोडीत काढू? सगळ्यांना ऐकू येईल अशी तपासणी हवी!"

गाढवाला बोलावले. ते चाकापुढे उभे राहून जीव तोडून ओरडले. गुहा दणाणली. प्रतिध्वनी तीनदा आला.

"आलं का ऐकू?"

"आलं! आलं!"

चाक पास झाले. गाढव मुख्य तपासनीस झाले.

महिन्याभरात दोराने चाक कापले. पाळणा नदीवर मधोमध लोंबकळला. हत्तीने सशिणीची पिल्ले सोंडेने काढली. एकाचा पाय कायमचा गेला.

चौकशी झाली. गाढव पुन्हा ओरडले. प्रतिध्वनी पुन्हा तीनदा आला. निकाल लागला: चाक निर्दोष, पिल्ले जड. यापुढे पिल्लांनी उपाशीपोटीच शाळेला जावे.

सशीण रडत सखोबाकडे आली. "तुम्हाला ठाऊक होतं, आबा. मला का नाही सांगितलंत?"

सखोबाने पंखाने तिचे डोळे पुसले. "सांगितलं होतं, बाई. तू म्हणालीस, इतकं हळू बोलणाऱ्याचं काय खरं धरायचं?"

तात्पर्य: बाळांनो, खरे बोलायची घाई करू नका. आधी नीट ओरडायला शिका. तेवढे जमले की खऱ्याची गरज पडत नाही.