हापशाची किल्ली

शेषेराव गुरुजींनी तोंडाला, मानेला भरपूर साबण फासला आणि डोळे मिटून हापशाचा दांडा धरला. दांडा हलेना. चाचपलं तर साखळी आणि कुलूप!

"केवळाबाई, कुलूप काढा की!"

"टाइम संपला, गुरुजी. ऊन पारावर आलं."

लातूर नवा जिल्हा झाला त्या वर्षी पावसानं दडी मारली होती. गल्लीत हापसा एकच, रोज भांडणं. शेवटी नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या गुरुजींनीच देशाच्या कारभारासारखी कामांची वाटणी करून दिली. नियम नीलम्मानं करायचे, किल्ली केवळाबाईनं सांभाळायची, निवाडा गुरुजींच्या बायकोनं, नागुबाईनं द्यायचा. कुणी कुणाच्या कामात हात घालायचा नाही. आणि घरातल्या माठावर गल्लीची सत्ता नाही. ह्याच विषयावर गुरुजींचं आज लातूरच्या शिक्षक मेळाव्यात भाषण होतं. नमुना म्हणून तिघीही निघाल्या होत्या, ठेवणीतली लुगडी नेसून.

"नीलम्मा, सांगा हिला!"

"मी निस्ते नियम करते. कुलपाचं तिचं ती बगंल."

डोळे चरचरू लागले. "अगं, तू तरी निवाडा दे!"

"आपल्या मानसाचा निवाडा आपुन करायचा न्हाई," नागुबाई म्हणाली. "तुमीच शिकवलंत."

"मग माठातलं तांब्याभर आण!"

"माठ घरचा इलाका. तितं माजं राज. प्यायचं पानी साबनाला मिळनार न्हाई."

"नियम बदला मग!"

"त्याला सभा लागती," नीलम्मा म्हणाली. सभा भरली. साबण लागलेल्याला एक घागर द्यावी की अर्धी, यावर बायका हमरीतुमरीवर आल्या. साबण वाळून गुरुजींचं तोंड पापडासारखं ताणलं. एक घागर मंजूर झाली, तेवढ्यात एसटीचा हॉर्न वाजला.

"अवो, अशा तोंडानं कुटं येता?" नागुबाई म्हणाली. "भाषन मी करते. रोज तेच आयकून पाट झालंय."

"अगं, पण मी..."

केवळाबाईनं किल्ली त्यांच्या मुठीत कोंबली. "आमी येस्तोवर नियम, किल्ली, निवाडा, समदं तुमच्याकडं!"

एसटी धुरळा उडवत गेली. गुरुजींनी कुलूप काढलं. मंजूर घागर डोक्यावर ओतली. बरं वाटलं. दुसरी ओतली. तिसरीला ते गाणंच म्हणू लागले.

शेजारचा भीमाशंकर घागर घेऊन आला. "गुरुजी, चालू हाय व्हय? भरू का?"

गुरुजींनी घाईघाईनं साखळी ओढली, कुलूप लावलं.

"बंद आहे."

"कुन्या नियमानं?"

"मी म्हणतो म्हणून," गुरुजी म्हणाले आणि ओल्या धोतरानं ऐटीत पारावर जाऊन बसले.